प्लास्टिक दाण्यांच्या गुरुत्वप्रवाहासाठी पाइपचा व्यास कसा ठरवावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायलो (साठवणीची उंच कोठी), हॉपर (खाली निमुळती होणारी टाकी), ड्रायर किंवा ब्लेंडर यांतून प्लास्टिकचा दाणा पंखा किंवा पंप न वापरता, केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरवायचा असेल, तर पाइप किती व्यासाचा, किती उताराचा आणि कसा जोडलेला असावा, यासंबंधी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे दाणा सुमारे ३ मिमी आकाराचा, कोरडा आणि नवा, म्हणजे न दळलेला, असे गृहीत धरले आहे.

व्यास काढण्यापूर्वी सर्वांत आधी काय ठरवावे?

प्रवाहावर ताबा पाइपच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या, हे आधी ठरवावे. माझ्या मते या विषयातील बहुतेक चुका हा एक प्रश्न न विचारल्यामुळे होतात. हॉपरखालचे झाकण उघडून दाणा पाइपमधून मोकळा खाली पडत असेल आणि खालच्या टाकीत जागा असेल, तर किती दाणा यायचा हे वरचे तोंड ठरवते. अशा वेळी पाइप कधीही पूर्ण भरत नाही आणि तो भरू द्यायचाही नसतो. याउलट पाइपच्या खालच्या टोकाला एक्स्ट्रूडरचा (दाणा वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राचा) स्क्रू, रोटरी व्हॉल्व्ह (फिरत्या पात्यांची झडप) किंवा वजनी फीडर (तोलून दाणा सोडणारे यंत्र) असेल, तर पाइप वरपासून खालपर्यंत दाण्याने गच्च भरलेला राहतो आणि खालचे यंत्र जेवढा दाणा घेईल तेवढाच स्तंभ हळूहळू खाली सरकतो. पहिल्या प्रकारात व्यास प्रवाहासाठी काढायचा असतो, तर दुसऱ्या प्रकारात तो प्रामुख्याने दाणा अडकू नये म्हणून ठरवायचा असतो. एकाच पाइपमध्ये हे दोन्ही प्रकार वेगवेगळ्या वेळी घडू शकतात, कारण खालची टाकी भरली की मोकळा वाहणारा पाइप भरलेला पाइप होतो. तेव्हा दोन्ही हिशेब करून जो मोठा व्यास येईल तो घ्यावा.

हॉपरची उंची वाढवली किंवा तो जास्त भरला, तर दाणा जोरात येईल का?

नाही. पाण्याच्या टाकीत उंची वाढली की तळाचा दाब वाढतो, आणि आपल्याला त्याची इतकी सवय झालेली असते की दाण्यांकडूनही आपण तीच अपेक्षा ठेवतो. परंतु दाणे एकमेकांवर आणि भिंतीवर घासतात, त्यामुळे वरच्या थरांचे बरेचसे वजन भिंती पेलतात. धान्याच्या कोठारांचा अभ्यास करणाऱ्या यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये हे दाखवून दिले : भराव एका मर्यादेपलीकडे उंच झाला की तळावरचा दाब जवळजवळ वाढतच नाही. वाळूच्या घड्याळातील वाळू सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास एकाच गतीने पडते आणि म्हणूनच तिच्यावरून वेळ मोजता येतो. दाण्यांचेही तसेच आहे. तोंडाच्या वर तोंडाच्या व्यासाच्या दोन-तीन पट भराव असला, की त्याहून जास्त भरावाने प्रवाह वाढत नाही. प्रवाह वाढवायचा असेल तर तोंड मोठे करावे लागते.

मग एखाद्या व्यासाच्या तोंडातून तासाला किती दाणा पडतो?

यासाठी सर्वांत उपयोगी पडणारे सूत्र बेव्हरलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये, निरनिराळ्या बियांवर प्रयोग करून मांडले. शब्दांत सांगायचे तर ते असे : आधी तोंडाच्या आतील व्यासातून दाण्याच्या आकाराची १.४ पट वजा करावी. जे उरेल त्याचा अडीचवा घात घ्यावा. त्याला गुरुत्वीय त्वरणाच्या वर्गमुळाने, नंतर बल्क डेन्सिटीने, म्हणजे मोकळ्या ढिगाच्या घनतेने, आणि शेवटी ०.५८ ने गुणावे. लांबी मीटरमध्ये आणि घनता घनमीटरला किलोमध्ये घेतली, तर उत्तर सेकंदाला किलो या एककात येते.

व्यासातून वजाबाकी का करायची, हेही समजून घ्यावे. कडेला लागून दाण्याचा मध्य जाऊ शकत नाही आणि कडेजवळचा एक पट्टा प्रवाहाला जवळपास निरुपयोगी ठरतो. दाणा जितका मोठा तितका हा पट्टा रुंद होतो, म्हणून लहान तोंडांना त्याचा फटका अधिक बसतो.

पॉलिथिलीनचा ३ मिमी दाणा आणि घनमीटरला ५६० किलो बल्क डेन्सिटी धरून, सपाट तळातील गोल तोंडासाठी येणारी उत्तरे अशी आहेत :

| तोंडाचा आतील व्यास | सूत्रानुसार तासाला |
|---|---|
| ५० मिमी | सुमारे १,६०० किलो |
| ७५ मिमी | सुमारे ४,९०० किलो |
| १०० मिमी | सुमारे १०,४०० किलो |
| १५० मिमी | सुमारे २९,७०० किलो |
| २०० मिमी | सुमारे ६२,००० किलो |

५० वरून १०० मिमीवर गेल्यास क्षेत्रफळ चौपट होते, पण प्रवाह सहापटीहून जास्त वाढतो. अडीचव्या घाताचा हा परिणाम लक्षात ठेवावा. याचाच दुसरा अर्थ असा की व्यासात थोडी जरी काटकसर केली, तरी तिची किंमत मोठी मोजावी लागते.

दुसऱ्या पॉलिमरसाठी हे आकडे कसे बदलावेत?

दाण्याचा आकार तोच असेल तर प्रवाह बल्क डेन्सिटीच्या प्रमाणात बदलतो. पॉलिप्रॉपिलीनचा ढीग पॉलिथिलीनपेक्षा थोडा हलका, एबीएसचा थोडा जड, तर पीईटीचा घनमीटरला ८०० किलोच्या आसपास असतो. पुस्तकातील आकड्यावर विसंबण्यापेक्षा १० लिटरची बादली दाबून न भरता काठोकाठ भरावी, वरून सपाट करावी आणि तोलावी. पाच मिनिटांचे हे काम आहे आणि त्यातून मिळणारा आकडा नेमका आपल्या मालाचा असतो.

सूत्राचे उत्तर जसेच्या तसे वापरावे का?

माझा सल्ला असा आहे की सूत्राच्या ५० ते ६० टक्क्यांवर भरवसा ठेवावा. तीव्र उताराच्या शंकूच्या हॉपरमधून सपाट तळापेक्षा थोडा जास्त प्रवाह मिळतो, त्यामुळे त्या बाबतीत सूत्र आपल्या बाजूनेच असते. पण प्रत्यक्षात झाकणाची कड थोडी आत आलेली असते, लोखंडाचे कण पकडणारी मॅग्नेटची जाळी मध्ये बसवलेली असते, दाण्यात भुकटी असते, आणि एखाद्या खेपेचा दाणा लांबट असतो. ताशी ६ टन हवे असतील, तर ताशी १० टन दाखवणारे १०० मिमीचे तोंड योग्य ठरते. त्याऐवजी अगदी हिशेबाइतके, ८२ मिमीचे तोंड घेणे मला धोक्याचे वाटते.

पाइपवर लिहिलेला व्यास धरून हिशेब केला तर चालेल का?

चालणार नाही. नेहमी आतील व्यास घ्यावा, आणि तोही वाटेतील सर्वांत अरुंद जागेचा. शेड्यूल ४० चा (भिंतीच्या जाडीच्या एका प्रमाण वर्गाचा) चार इंची पाइप आतून सुमारे १०२ मिमी असतो, तर २ मिमी जाडीची चार इंची ट्यूब बाहेरून १०१.६ मिमी, म्हणून आतून ९७.६ मिमी भरते. दोन्हींना बोलताना चार इंचीच म्हटले जाते, पण ट्यूबमधील प्रवाह सुमारे ११ ते १२ टक्के कमी येतो.

यापेक्षाही जास्त त्रास जोडांचा होतो. फ्लँजमध्ये पॅकिंग आत सरकलेले असणे, वेल्डिंगचा मणी आतून न घासणे, दोन पाइपांचे मध्य न जुळणे, किंवा मध्येच लहान आतील व्यासाची पाहणी-काच बसवणे, या गोष्टी आराखड्यात कधीच दिसत नाहीत. एका उभारणीत १५० मिमीच्या संपूर्ण मार्गात फक्त पाहणी-काचेचा तुकडा १२५ मिमीचा होता, आणि दाणा प्रत्येक वेळी नेमका त्याच्याच वर साठत असे. वरचे तोंड लहान आणि खालचा पाइप मोठा असणे नेहमी चालते. मोकळ्या वाहत्या पाइपमध्ये खाली जाताना व्यास कमी करणे मात्र कटाक्षाने टाळावे.

दाणा अडकू नये म्हणून किमान व्यास किती हवा?

तोंड दाण्याच्या पाच-सहा पटीपेक्षा लहान झाले, की काही दाणे एकमेकांना टेकून तोंडावर कमान धरतात आणि प्रवाह पूर्ण थांबतो. ठोकल्यावर कमान मोडते आणि थोड्या वेळाने पुन्हा धरते. एकसारख्या ३ मिमी दाण्यासाठी ही सीमा १८ मिमीच्या आसपास येते, पण त्या सीमेवर रचना करू नये. दोन दाणे एकमेकांना चिकटलेले असू शकतात, कटर बिघडल्यामुळे लांब शेपटीचे तुकडे येतात, पिशवीच्या दोऱ्याचा किंवा कागदाचा कपटाही कधीतरी येतो. त्यामुळे अगदी लहान यंत्रालाही ४० ते ५० मिमीपेक्षा कमी आतील व्यास मी सुचवत नाही.

पाइप भरलेला राहत असेल आणि खालचे यंत्र दाणा ओढत असेल, तर हिशेब कसा करावा?

येथे हिशेब सोपा आहे. तासाला ५०० किलो घेणाऱ्या एक्स्ट्रूडरवर १०० मिमीचा भरलेला पाइप असेल, तर दाण्यांचा स्तंभ सेकंदाला जेमतेम ३ सेंटिमीटर सरकतो. त्याच तोंडातून मोकळा दाणा ताशी १० टन पडू शकतो, म्हणजे क्षमता गरजेच्या वीस पट आहे. अशा पाइपमध्ये प्रवाहाची चिंता नसते, लक्ष द्यायचे ते दाणा दीर्घकाळ एका जागी राहण्याकडे. वाळवलेला नायलॉन किंवा पीईटी मोठ्या व्यासाच्या उंच पाइपमध्ये तासभर थांबला आणि पाइप हवाबंद नसेल, तर तो पुन्हा ओलावा धरतो. अशा मालासाठी अडकण्याची भीती नसेल तेवढा लहान व्यास घ्यावा आणि अंतर कमी ठेवावे.

मिश्रणाच्या दृष्टीने भरलेला पाइप उत्तम असतो. मास्टरबॅच (रंग किंवा इतर घटक दाट मिसळलेला दाणा) आणि मूळ दाणा उंचावरून मोकळे पडून मोठ्या हॉपरमध्ये ढीग करू लागले, की आकाराने व घनतेने वेगळे असलेले दाणे ढिगाच्या उतारावर वेगळे होतात. हळूहळू सरकणाऱ्या भरलेल्या स्तंभात तसे घडायला फारसा वाव राहत नाही.

पाइप तिरका न्यावा लागत असेल तर किती कोन द्यावा?

जमिनीशी ६० अंश असावेत, जागा नसेल तर ४५, आणि त्याखाली शक्यतो जाऊ नये. गुळगुळीत पोलादावर नवा दाणा १५ ते २० अंशांच्या उतारावरही घसरतो, त्यामुळे ४५ अंश उगाच जास्त आहेत असे कोणाला वाटेल. पण हा घसरण्याचा कोन सपाट, स्वच्छ पत्र्यावरच्या थोड्या दाण्यांचा असतो. पाइपमध्ये दाणा थांबला, की त्याचा ढीग बनतो आणि ढिगाचा स्वतःचा उतार ३० ते ४० अंशांचा असतो. शिवाय गोल पाइपमध्ये भराव दोन्ही बाजूंनी भिंतीत रुतून बसतो आणि घर्षण वाढते. वाहता दाणा ३५ अंशांवर वाहत राहील, पण खालची टाकी भरून एकदा थांबला की पुन्हा सुरू होईलच असे नाही. कोन ठरवताना म्हणूनच थांबलेला दाणा डोळ्यांपुढे ठेवावा.

तिरक्या पाइपचा व्यास तोंडाएवढाच ठेवला तर?

बऱ्याच वेळा तो कमी पडतो, आणि ही गोष्ट उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. ४५ अंशांच्या पाइपमध्ये घर्षणगुणांक ०.३ धरल्यास दाण्याला सेकंदवर्गाला सुमारे ४.९ मीटर त्वरण मिळते आणि ४ मीटर घसरल्यावर त्याचा वेग सेकंदाला ६ मीटरच्या पुढे जातो. तेथे प्रवाह पातळ झालेला असतो आणि जागा भरपूर असते. अडचण वरच्या टोकाला असते, जेथे दाणा नुकताच वळलेला आणि मंद असतो.

ताशी ६ टन, म्हणजे सेकंदाला सुमारे १.६७ किलो दाणा, तिरक्या भागात शिरताना सेकंदाला १ मीटर वेगाने चालला आहे असे धरू. वाहताना दाणे थोडे विरळ होतात, म्हणून घनता ५६० ऐवजी ४०० घेऊ. मग त्याला ४२ चौरस सेंटिमीटर जागा लागते. १०० मिमीच्या पाइपचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे तो निम्म्याहून अधिक भरला. १२५ मिमीच्या पाइपमध्ये हेच प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. सर्वांत मंद जागी पाइप एक-तृतीयांश, फार तर निम्मा भरावा, हा माझा नियम आहे. त्यानुसार या कामाला तोंड १०० मिमीचे आणि तिरका पाइप १२५ मिमीचा, असे उत्तर येते.

बेंड वापरता येतो का?

वापरता येतो, पण प्रत्येक बेंड दाण्याचा वेग खातो आणि त्यानंतरचा भाग पुन्हा मंद प्रवाहाच्या हिशेबाने तपासावा लागतो. एका ठिकाणी ३० अंशांहून जास्त दिशा बदलू नये आणि दोन वळणांमध्ये पुरेसा सरळ भाग ठेवावा. उभ्यावरून थेट ४५ अंशांवर जाणारा आखूड बेंड टाळावा. काचतंतू मिसळलेला दाणा बेंडची बाहेरची बाजू झिजवतो, तेव्हा तेथे जाड भिंतीचा किंवा बदलता येणारा तुकडा द्यावा. दोन दिशांना फाटणाऱ्या डायव्हर्टरची प्रत्येक शाखाही जमिनीशी ६० अंशांची असावी.

उभ्या पाइपमध्ये दाण्याचा वेग किती वाढतो, आणि त्याने काही बिघडते का?

एकटा ३ मिमी दाणा हवेच्या विरोधामुळे सेकंदाला सुमारे ८ मीटरपर्यंतच पोहोचतो, आणि तेवढा वेग तीन-चार मीटर मुक्तपणे पडल्यावर जवळपास येतो. बहुतेक पॉलिमरना त्याने काही होत नाही. पॉलिस्टायरीनसारखा ठिसूळ दाणा मात्र आदळून भुकटी करतो. तेथे पडण्याची उंची कमी करावी किंवा पाइप भरलेला ठेवावा.

हवेसाठी वेगळी वाट ठेवावी लागते का?

ठेवावी लागते, आणि हा मुद्दा फार वेळा विसरला जातो. तासाला ५ टन दाणा हॉपरमधून गेला, तर सुमारे ९ घनमीटर जागा रिकामी होते आणि तेवढी हवा वरून आत यावी लागते. झाकण हवाबंद असेल तर ती हवा पाइपमधूनच, दाण्यांच्या उलट दिशेने, वर चढू लागते आणि प्रवाह गचके खात चालतो. पातळ पत्र्याची टाकी अशा निर्वाताने आत दबूही शकते. खालच्या टाकीतून बाहेर पडणारी हवा तर याहून जास्त असते, कारण पडणारा प्रवाह स्वतःबरोबर हवा ओढून आणतो. म्हणून खालच्या टाकीला फिल्टर असलेला मोठा व्हेंट (हवा जाण्याचे तोंड) द्यावा आणि तो फिल्टर नियमित साफ करावा. चांगला चालणारा मार्ग काही महिन्यांनी मंदावला, तर पाइप उघडण्यापूर्वी मी आधी फिल्टर पाहतो.

झाकण अर्धे उघडून प्रवाह निम्मा करता येतो का?

प्रवाह कमी होतो, पण निम्मा नाही. १०० मिमी चौरस तोंडातून ताशी सुमारे १३ टन दाणा पडतो. झाकण निम्मे सरकवून तोंड १०० गुणिले ५० मिमी केले, तर सुमारे ५ टन पडतो, म्हणजे पूर्ण प्रवाहाच्या ३८ टक्के. गोल नसलेल्या तोंडासाठी दोन्ही बाजूंतून दाण्याची १.४ पट वजा करून क्षेत्रफळ काढावे. त्याच वजा केलेल्या बाजूंवरून क्षेत्रफळाच्या चौपटीला परिमितीने भागावे आणि येणाऱ्या आकड्याच्या वर्गमुळाने आधीच्या क्षेत्रफळाला गुणावे; सूत्रात अडीचव्या घाताच्या जागी हा गुणाकार आणि ०.५८ च्या जागी ०.७४ घ्यावे. झाकण जवळजवळ बंद ठेवून बारीक धार काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण फट दाण्याच्या काही पटींवर आली की कमान धरणे सुरू होते. नेमके वजन हवे असेल तेथे फीडरच लावावा.

रीग्राइंडसाठी हेच आकडे चालतील का?

नाही. दळलेल्या मालात चपटे, कोनेदार तुकडे आणि भुकटी असते, ते एकमेकांत गुंततात आणि ढीगही हलका होतो. त्यासाठी व्यास सर्वांत मोठ्या तुकड्याच्या किमान आठ-दहा पट घ्यावा, उतार ६० अंशांहून तीव्र ठेवावा, आणि फिल्मचा भुगा असेल तर केवळ गुरुत्वावर विसंबूच नये. ग्राइंडरच्या जाळीचे भोक ८ मिमी असले तरी लांबट तुकडे त्यातून उभे निसटतात, म्हणून आकार जाळीवरून न धरता नमुना हाताने मोजून धरावा.

गरम किंवा मऊ दाण्याचे काय?

ईव्हीए आणि थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमरचे मऊ दाणे स्वतःच्या वजनाखाली, विशेषतः उष्णतेत, एकमेकांना चिकटतात. अस्फटिकी पीईटी ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर गेला की चिकट होतो, म्हणून तो आधी हलवत ठेवून स्फटिकी करून घेतात. अशा मालासाठी वर दिलेले कोणतेही सूत्र पुरेसे नाही, कारण त्यात चिकटपणाचा विचारच नाही. व्यास मोठा ठेवावा, भराव कमी ठेवावा आणि पाइप उष्णतेपासून दूर न्यावा. एक्स्ट्रूडरच्या घशाशी, म्हणजे दाणा आत शिरण्याच्या जागी, वारंवार दाणा अडकत असेल, तर दोष पाइपच्या व्यासाचा नसून बहुधा घशाभोवतीच्या थंड पाण्याचा असतो. ते पाणी बंद किंवा मंद झाले, की दाणे तेथेच मऊ होऊन एकमेकांना धरतात.

स्थिर विजेची काळजी घ्यावी का?

अवश्य घ्यावी. घसरताना दाणे भारित होतात, भिंतीला चिकटतात आणि भुकटीचा थर धरून ठेवतात. पाइपचे सर्व धातूचे तुकडे एकमेकांना आणि जमिनीला विद्युतदृष्ट्या जोडलेले असावेत, लवचिक नळीतील तार दोन्ही टोकांना जोडलेली असावी, आणि तपासताना रोध १० ओहमच्या आत मिळावा. रंगवलेल्या फ्लँजमधून जोड मिळतो असे गृहीत धरू नये, तेथे वेगळी पट्टी लावावी.

बसवलेला पाइप कमी पडतो आहे, हे कसे ओळखावे?

खालचा जोड मोकळा करून दहा सेकंद दाणा पिंपात घ्यावा, तोलावा आणि ३६० ने गुणावे. हे तीन वेळा करावे. आलेला आकडा तोंडाच्या सूत्राच्या निम्म्याहूनही कमी असेल, तर व्यास बदलण्याची घाई न करता वाटेतील अडथळा शोधावा : आत सरकलेले पॅकिंग, अर्धेच उघडणारे झाकण, भरलेली मॅग्नेट-जाळी किंवा तुंबलेला व्हेंट. आकडा सूत्राच्या जवळ असूनही गरज भागत नसेल, तर तोंडच लहान आहे. तेव्हा तोंड एक मापाने वाढवावे आणि त्याखालचा तिरका भाग नव्या प्रवाहाला पुरतो का, याचा हिशेब पुन्हा करावा.